पावसाळ्यातली तालीम

पावसाळ्यात दशावतारी घरी असतो. कार्तिकात तुळशीची लग्नं उरकली की जत्रा सुरू होतात आणि तिथपासून वैशाखापर्यंत कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी, मालवणकडच्या कंपन्या आज या देवळात तर उद्या त्या देवळात असं करत फिरत असतात. रात्री नाटक, दिवसा जमेल तेवढी झोप. मिरग जवळ आला की पेटारा बंद होतो, मुकुट आणि गदा जुन्या लुगड्यांत गुंडाळून माळ्यावर जातात, आणि महिन्याभरापूर्वी देवळात इंद्र म्हणून बसलेला माणूस गुडघाभर चिखलात वाकून तरवा काढताना दिसतो. आमच्या घरात हे नवीन नाही. माझे मामा आयुष्यभर स्त्रीपार्टी होते. त्यांच्या द्रौपदीला रडलेल्या बायका दुसऱ्या दिवशी बाजारात त्यांच्याशी घासाघीस करायच्या.

युरोपातल्या मुलांची मोठी सुट्टी नेमकी या दिवसांत येते, जुलै-ऑगस्टला. त्यामुळे जर्मनी आणि पोलंडमधली सोळा ते वीस वयाची मुलं कलेच्या निमित्ताने आमच्याकडे येऊन राहणार, इथल्या कॉलेजच्या मुलांबरोबर काम करणार असं ठरलं तेव्हा बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया होती, "पण आता बघतील काय? जत्रा नाय, काय नाय." मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून चित्रांची बाजू माझ्याकडे आली. मला मात्र तेव्हाही वाटलं होतं आणि आता तर खात्रीच आहे की, या मुलांनी यायची वेळ हीच. जत्रेत त्यांना नाटक दिसलं असतं. पावसात त्यांना नाटक करणारी माणसं भेटली.

ही देवाणघेवाण मुळात उभी राहिली ती युद्धांच्या राखेतून, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. 1920 मध्ये पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्याने वेगवेगळ्या देशांतल्या स्वयंसेवकांना फ्रान्समधल्या व्हेर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त गावात नेलं आणि घरं पुन्हा उभारायला लावलं. त्यात जर्मनही होते, आणि त्या मातीत जर्मन आणि फ्रेंच सैनिकांची प्रेतं अजून सापडत होती. (हाच सेरेसोल पुढे 1934 च्या भूकंपानंतर बिहारमध्ये येऊन राहिला आणि गावं वसवायला हात लावून गेला.) दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 साली, वेल्समधल्या लँगॉथलेन या छोट्या गावाने जगभरातल्या गायक-नर्तकांना बोलावून उत्सव सुरू केला. 1949 मध्ये तिथे ल्यूबेकहून जर्मन गायकवृंद आला. प्रेक्षकांत ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी जर्मनांशी लढताना गेलेलं होतं अशी माणसं होती, आणि त्यांनी त्या गायकांचं स्वागत केलं. 1963 मध्ये फ्रान्सचे द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे आडेनाउअर यांनी एलिझे करारावर सह्या केल्या, तेव्हा दोन्ही देशांनी मिळून तरुणांसाठी एक स्वतंत्र कार्यालयच काढलं. सत्तर वर्षांत तीनदा एकमेकांवर चालून गेलेले हे देश. त्या कार्यालयातर्फे आजवर नव्वद लाखांहून जास्त मुलं-मुली एकमेकांकडे जाऊन राहिली आहेत. जर्मनी आणि पोलंडने 1991 मध्ये तोच कित्ता गिरवला. अशा उपक्रमांत दोघांच्या जोडीला तिसरा देश घेता येतो. आमच्या पावसात आला तो हाच तिसरा धागा.

पहिल्या संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये रीतसर कार्यक्रम झाला. पोलंडच्या मुलींनी त्यांचा नाच केला, जर्मन मुलांनी कोरस म्हटला, आमच्या मुलींनी कोळीनृत्य केलं, सरपंचांचं भाषण झालं, नारळ दिले. टाळ्या सगळ्यांना सारख्याच पडल्या. माझं स्पष्ट मत आहे की अशा संध्याकाळीतून काहीही घडत नाही. प्रत्येक जण आपला पाठ केलेला नाच करतो, दुसरा फोन वर धरून तो टिपतो, आणि दोघेही आहेत तिथेच राहतात. उलट एक नवीन गैरसमज तयार होतो, की आपण आता त्यांना ओळखतो. कोळीनृत्य करणाऱ्या त्या मुलींपैकी एकही कोळी नव्हती आणि एकीनेही कधी होडीत पाय ठेवलेला नव्हता. पोलंडच्या मुलींनी नंतर सांगितलं की तो नाच त्या याच दौऱ्यासाठी शिकल्या होत्या.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडलं होतं की माणसं नुसती एकत्र आली म्हणून पूर्वग्रह जात नाहीत. दोन्ही बाजू बरोबरीच्या हव्यात, काम एकच हवं, ते एकमेकांशिवाय पुरं होता कामा नये आणि संस्थांचा, रूढीचा त्याला पाठिंबा हवा. हे वाचलं तेव्हा मला दशावताराचं बाकडं आठवलं.

ज्यांनी दशावतार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. रंगमंचावर नेपथ्य म्हणून एक लाकडी बाकडं असतं, बस. तेच सिंहासन, तोच पर्वत, तोच रथ. आणि लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी रंगपटात आख्यान ठरतं, कोण कोणाच्या मागून येणार ते ठरतं, आणि मग रात्रभर जे बोललं जातं ते तिथल्या तिथे सुचलेलं. समोरचा काय बोलणार हे नटाला माहीत नसतं. म्हणून तो सतत ऐकत असतो. चांगला दशावतारी म्हणजे चांगला बोलणारा असं लोक म्हणतात. मामांच्या मते चांगला ऐकणारा.

तालीम देवळाच्या सभामंडपात होती. बाहेर पाऊस असा की मृदंगाचा आवाज पत्र्याखाली बुडून जायचा. जर्मनीचा एक मुलगा तिकडे नाटकाच्या गटात काम केलेला, शिस्तीचा, वही घेऊन बसलेला. त्याला आधी सगळे संवाद लिहून हवे होते. दुभाष्या मुलीने ते मामांना सांगितलं. मामांनी त्याला बाकड्यावर बसवलं, स्वतः समोर उभे राहिले आणि म्हणाले, "तू बोल. मी आयकतंय." तो जर्मनमधून काहीतरी बोलला. मामा मालवणीतून त्याला उत्तर देऊ लागले, आणि ते उत्तर होतं, म्हणजे त्याच्या आवाजातला राग त्यांनी उचलला होता, त्याचा हात जिथे थांबला तिथून त्यांचा हात सुरू झाला होता. तो मुलगा पुन्हा बोलला, यावेळी वहीकडे न बघता. कुणाला कुणाचा एक शब्द कळत नव्हता आणि मंडपात बसलेल्या सगळ्यांना कळत होतं की राजा मुनीवर चिडलाय आणि मुनीला त्याची काळजी वाटतेय. पुढे चार-पाच दिवस रोज हेच चाललं. तीन भाषा, एक बाकडं.

सुरुवातीला गाऱ्हाणं घालायचं असतं. गावकार देवासमोर उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, आज ही परमुलकातली पोरां तुझ्या रंगार इली हत, तेंका सांभाळ. तेंच्या आवशी-बापाशीक थयसर सुखी ठेव." मागून सगळ्यांनी म्हटलं, "व्हय म्हाराजा!" दुसऱ्या दिवशी त्या "व्हय म्हाराजा"त परदेशी मुलांचे आवाज मिसळले. तिसऱ्या दिवशी गावकारांनी गाऱ्हाण्यात एकेका मुलाचं नाव घेतलं. पोलिश नावं त्यांच्या तोंडात सहज बसणारी नव्हती, पण त्यांनी ती आदल्या रात्री म्हणून बघितली होती. आपलं नाव देवापुढे घेतलं गेल्यावर त्या मुलांचे चेहरे बदलले, ते मी पाहिलं.

सकाळी मुलं भातलावणीला जायची. ज्या घरात राहायची त्यांच्या शेतात. एक मुलगा मासे, अंडी, दूध काहीच न खाणारा, आणि तो नेमका मासेमारी करणाऱ्या घरात पडलेला. दोन दिवस त्या घरातली बाई काळजीत होती. मग नारळाच्या रसातली काळ्या वाटाण्याची आमटी, टाकळ्याची भाजी, उकड्या तांदळाची पेज आणि सोलकढी एवढ्यावर तो मजेत राहिला. कोकणातलं निम्मं स्वयंपाकघर असंच नारळावर चालतं हे तिला त्याच्यामुळे पहिल्यांदाच जाणवलं.

रंगपटातली एक संध्याकाळ सांगते. मामा सफेदा आणि पिवडी खोबरेल तेलात मळत होते. दशावतारी स्वतःचं तोंड स्वतः रंगवतो. एका हातात वाटीएवढा आरसा, दुसऱ्या हातात काडी. त्यांनी भुवया ओढल्या, कपाळावर आडवी रेघ मारून ती बोटाने पुसट केली, नऊवारीच्या निऱ्या घातल्या आणि साठी उलटलेला माणूस डोळ्यांसमोर नाहीसा झाला. पोलंडची एक मुलगी त्यांच्या शेजारी बसून बघत होती. तिने विचारलं, बायकांचं काम बायका का करत नाहीत?

मामांनी तिला खरं ते सांगितलं. पूर्वी पेटारा डोक्यावर घेऊन रात्रीचं चालत जावं लागायचं, देवळात निजायचं, बायकांचा विटाळ मानायचे, त्यांना कोण पाठवणार. त्यातलं काही बरोबर होतं, काही नव्हतं, असंही ते म्हणाले. आता बायकांची मंडळं उभी राहतायत, मी त्यांचं काम बघितलंय, असंही. मागे आमच्या मुली उभ्या होत्या. वेंगुर्ल्याची एक, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. ती म्हणाली, "मग मी राजा करू?" मामांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "आवाज लागतलो?" तिने तिथेच ललकारी दिली.

हा प्रश्न पोलंडहून आला असं कुणी म्हणू नये. तो वेंगुर्ल्याच्या मुलीच्या मनात शाळेपासून होता, हे तिनेच मला नंतर सांगितलं. पाहुणीला गमावण्यासारखं काही नव्हतं म्हणून तिने तो मोठ्याने विचारला, एवढंच. आणि हे दोन्हीकडून झालं. आमच्या एका मुलाने जर्मन मुलाला विचारलं, तुझी आजी एकटी का राहते? त्याने आधी घाईत काहीतरी उत्तर दिलं. मग रात्री जेवताना स्वतःहून तो विषय काढला आणि बराच वेळ बोलत राहिला.

एका वडीलधाऱ्या गृहस्थांना हे सगळं पसंत नव्हतं. देवाचा खेळ, तो परक्यांच्या हातात देऊन भ्रष्ट होईल अशी त्यांची भीती. मी त्यांचा अनादर करणार नाही. ज्याला आपलं काही जपायचं आहे त्याला ही भीती वाटणारच. पण सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवल्या जातात त्या बघाव्यात. हा खेळ इराणकडून आला. मोगलांकडे त्याचे आठ रंग आणि 96 पत्ते होते. आपल्या चितारींनी त्याचे दहा रंग केले, प्रत्येकावर एक अवतार बसवला, आणि 120 गोल पत्त्यांची दशावतारी गंजिफा झाली. आज तिच्याइतकं सावंतवाडीचं दुसरं काय आहे? आरती प्रभू या नावाने कविता लिहिणारे चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ल्याकडचे. सत्तरच्या दशकात जर्मन नाटककार ब्रेश्टच्या नाटकाचं त्यांनी मराठी रूप केलं आणि ते विजया मेहता आणि पूर्व जर्मनीचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांनी मिळून बसवलं. खानोलकर त्यामुळे कमी कोकणी झाले नाहीत.

आता पिंगुळीबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते तिथलंच.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी सांभाळली. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. एका कथेच्या चित्रांचा एक गठ्ठा, त्याला पोथी म्हणतात. कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले. सांगणारा पोथी पुढ्यात घेऊन बसतो, एक चित्र धरतो, गातो, सांगतो, मग ते बाजूला ठेवून पुढचं. साथीला वीणा, टाळ, हुडूक. पात्रांचे डोळे मोठे, टपोरे. चित्रातला माणूस चालत असला तरी डोळ्यांनी काहीतरी बोलत असतो.

आम्ही मुलांना एक पोथी करायला सांगितली. विषय एकच : घर सोडणं. आणि अट अशी की स्वतःची गोष्ट स्वतः काढायची नाही. ती दुसऱ्याला सांगायची आणि त्याने काढायची.

जर्मन मुलाची पणजी ब्रेस्लाऊची. 1945 मध्ये सीमा सरकली, ब्रेस्लाऊचं व्रोत्स्वाफ झालं, ते पोलंडमध्ये गेलं आणि तिथल्या जर्मनांना बाहेर पडावं लागलं. पोलंडच्या मुलीच्या पणजीचं घर होतं ल्वूफमध्ये. ते शहर सोव्हिएत युनियनकडे गेलं, आज ते युक्रेनमध्ये आहे. तिथून तिच्या घरच्यांना मालगाडीने पश्चिमेला आणलं आणि व्रोत्स्वाफमधल्या एका जर्मन कुटुंबाच्या रिकाम्या घरात राहायला दिलं. तळघरात आधीच्या बाईने भरून ठेवलेल्या मुरंब्याच्या बरण्या होत्या. तिच्या पणजीने त्या कितीतरी दिवस उघडल्याच नाहीत.

ही दोन मुलं एकाच विमानाने आली होती, आठवडाभर एका बाकड्यावर बसून तालीम करत होती. हा इतिहास दोघांनी शाळेत वाचलेला होता. एकमेकांना मात्र तो कधी सांगितलेला नव्हता.

कुडाळच्या मुलाचे आजोबा मुंबईत गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, आणि आजोबा पत्र्याची ट्रंक घेऊन गावी परत आले ते कायमचे. त्यांची गोष्ट जर्मन मुलाच्या वाट्याला आली. तो प्रश्न विचारू लागला. एका खोलीत किती जण झोपायचे? पाळी संपवून आलेला माणूस कुणाच्या अंथरुणावर पडायचा? कपडे कुठे अडकवायचे? कुडाळच्या मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. तो घरी जाऊन आजोबांना विचारून यायचा. आजोबा सांगू लागले. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच छत्री घेऊन आले आणि त्या परक्या मुलाच्या शेजारी बसून खुंट्या कुठे होत्या ते कागदावर बोटाने दाखवू लागले. त्यांच्या नातवाने हे सगळं तिथे पहिल्यांदा ऐकलं.

नातवाकडे होती बरण्यांची गोष्ट. मुरंबा कशाचा, तर चेरीचा. त्याने चेरीचं झाड कधी पाहिलेलं नाही. त्याने जे काढलं ते तुम्ही-आम्ही लांबूनही ओळखू : बरण्यांत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आणि खिडकीबाहेर रातांब्याचं झाड, फळांनी लगडलेलं. मी चित्रकलेची शिक्षिका, माझा हात शिवशिवला. पण गोष्ट जिची होती तिने तो कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, राहू दे. तिच्या पणजीला अनोळखी घरात कसं वाटलं असेल ते तिला या झाडामुळे कळलं, असं ती म्हणाली. बाईच्या हातात त्याने बरणी दिली होती, आणि चित्रकथीचे ते मोठे डोळे बरणीकडे नव्हते, दाराकडे होते. ज्यांचं घर आहे ते परत आले तर, असं त्याने मला समजावलं.

आणि पणजीने ब्रेस्लाऊ सोडल्याची गोष्ट त्या पोलिश मुलीने काढली. तिने त्या घराला तेच तळघर काढलं. जर्मन बाई जायच्या आदल्या दिवशी बरण्या भरतेय.

ती पोथी देवळात सांगितली गेली तेव्हा सांगायला तिघं बसली होती. गावातली माणसं पावसातून आलेली, ओल्या छत्र्या खांबाला टेकवून बसलेली. जर्मनी-पोलंडची सीमा त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण घर सोडून मुंबईला जाणं ज्या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या केलं, त्याला ट्रंक, बरणी आणि दार समजावून सांगावं लागलं नाही. नंतर दशावतार झाला, वेंगुर्ल्याची मुलगी राजा झाली, तोही चांगला रंगला. वेळ कमी पडला आणि पूर्वरंग आटोपता घ्यावा लागला.

म्हणून हे उपक्रम आखणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की, कार्यक्रम एक ठेवा आणि तालमीला दिवस द्या. मुलांना घरांत ठेवा, हॉटेलात नको. आणि परतीच्या भेटीचे पैसे आधी बाजूला काढा. आमच्याकडे हेच सगळ्यात दुबळं आहे. तिकडची मुलं येतात. आमची जातीलच असं नसतं. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, म्हणून पासपोर्ट अडतो. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागतं, म्हणजे कोकणकन्याचं तिकीट आणि वडिलांच्या दोन दिवसांच्या मजुरीवर पाणी. बँकेतली शिल्लक दाखवा म्हणतात. नारळ-सुपारी विकणाऱ्या घरात शिल्लक कसली? मागे दुसऱ्या एका देशाच्या दौऱ्यासाठी आमच्या एका मुलीचा अर्ज नाकारला गेला. ती परत येईल याची खात्री पटत नाही, असं छापील कारण होतं. ती मुलगी आठवडाभर कॉलेजला गेली नाही. येणारे नेहमी तेच आणि पाहुणचार करणारे नेहमी आपण, असं झालं तर ऑलपोर्टने सांगितलेली बरोबरी उरतच नाही, मग कितीही मनापासून "व्हय म्हाराजा" म्हणा.

यावेळी तिकडच्या लोकांनी हे मानलं. खर्च निम्मा-निम्मा न करता ज्याच्याकडे जितकं आहे त्या प्रमाणात वाटून घ्यायचं ठरलं आहे, आणि बोलावण्याची पत्रं वेळेत आली आहेत. पुढच्या उन्हाळ्यात आमची मुलं व्रोत्स्वाफला जायची आहेत. मामांचाही पासपोर्ट झाला. बाकडं तिकडे मिळेल, मृदंग मात्र इथूनच न्यायचा आहे आणि विमानात तो कुठल्या सामानात जाईल याची चौकशी चालू आहे. वेंगुर्ल्याची मुलगी म्हणतेय की तिथलं गाऱ्हाणं तीच घालणार. गावकारांनी तिला रविवारी बोलावलंय, शिकवायला.